सात राजीनाम्यांचं हॉस्पिटल

बापू,

तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याबद्दल बरंच बोलावं असा रिवाज आहे, पण तो तुम्ही तरी कधी पाळलात? तुमच्या त्या कांदा-व्यापारी मित्राच्या शोकसभेत माईक हातात घेऊन तुम्ही म्हणाला होतात, "माणूस देव होता, फक्त काट्यावर त्याचा अंगठा जरा जड पडायचा." सगळा मांडव हसला होता, त्याची बायकोसुद्धा. तेव्हा आता माझंही ऐकून घ्या.

सोळा वर्षांत मी तुम्हाला आठ राजीनामे दिले. सात तुम्ही धुडकावलेत आणि आठवा, महिन्याभरापूर्वी, एका मिनिटात मान्य केलात. वर बॉलपेननं 'मंजूर' लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि पंधरा-सतरा दिवसांत स्वतःच निघून गेलात. तो कागद आता माझ्या टेबलावर आहे. तिकडे दादा, माझा थोरला भाऊ, नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्याच्या दवाखान्यात माझ्या नावाची पाटी लावून बसलाय. आणि इकडे पेठच्या पलीकडच्या डोंगरात, तीस खाटांच्या आपल्या हॉस्पिटलात, मी बसलेय. जावं की राहावं हे ज्याच्याशी भांडून ठरवायचं, तोच माणूस जागेवर नाही.

आपली ओळख झाली तीच मुळी अडकून पडल्यामुळे. श्रावणात डोंगराची दरड सुटली, अर्धा पाडा मातीखाली गेला आणि नदीनं फरशी पूल नेला. मी नाशिकहून मदतपथकाबरोबर आले होते, दोन दिवसांसाठी, दोन साड्या घेऊन. तुम्ही पिंपळगावहून टेम्पो घेऊन आला होतात. त्यात कांदे होते, ताडपत्र्या होत्या आणि द्राक्षांचे रिकामे क्रेट होते. रिकामे क्रेट कशाला आणलेत, असं विचारलं तर म्हणालात, "ताई, टेम्पो रिकामा कशाला आणायचा?"  आपण इकडे पोचलो आणि आपल्या मागचा दुसरा फरशी पूलही वाहून गेला. नऊ दिवस रस्ता बंद.

त्या नऊ दिवसांत टेम्पोचा फाळका खाली पाडून मी त्यावर माणसं तपासली. कांद्याच्या गोण्यांवर बसवून टाके घातले. क्रेट उपडे टाकले की बाकं व्हायची, आडवे रचले की औषधांची कपाटं. एकात तर आठ दिवसांचं बाळ झोपलं होतं. चार माणसं मात्र माझ्या हातातून गेली. त्यातल्या दोघांना नुसतं वेळेवर सलाइन मिळालं असतं तरी ती वाचली असती. हे मी तुमच्यासमोर बोलले, ती माझी चूक. तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत, पुन्हा घातलीत आणि गप्प बसलात. तुम्ही गप्प बसलात की पुढे बांधकाम निघतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रस्ता सुरू झाल्यावर मदतीचा पूर आला. कुठल्याशा शहरातून आलेल्या एका पेटीत चाळीस टाय निघाले. दरडीखाली घर गेलेल्या माणसानं टाय लावून कुठे जायचं होतं, देव जाणे. पण तुम्ही काही वाया घालवलं नाहीत. पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडे सलाइनच्या बाटल्या रेशमी टायनं टांगलेल्या असायच्या. तपासणीला आलेले सरकारी अधिकारी त्याकडे बराच वेळ बघत राहायचे आणि काही न विचारता पुढे जायचे.

मी दर गुरुवारी यायचं कबूल केलं होतं. तुम्ही तुमच्या निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाउसचे जुने पत्रे टाकून शेड उभी केलीत. गुरुवारला सोमवार जोडला गेला, मग मधले वारही भरले. वर्षभरानं मी थकून पहिला राजीनामा दिला. तुम्ही तो उभ्या उभ्या वाचलात.

"कारण नाय लिहिलं."

"वैयक्तिक आहे."

"मग वैयक्तिक सांगा. आपण काय परके हाय का?"

मी चिडून म्हटलं, "बापू, इथे धड पाणी नाही. पेशंट तपासून झाल्यावर हात धुवायला मी नदीवर जाते."

"असं होय," एवढंच म्हणालात. चार दिवसांनी विहीर खणायला माणसं हजर. मी सामान बांधत होते तर दारात येऊन उभे राहिलात. "ताई, विहीर अर्ध्यावर आलीय. तुम्ही गेला तर विहिरीला काय सांगू?"

मी बांधलेलं सामान सोडलं. मी राहिले.

दुसऱ्या राजीनाम्याचं कारण होतं राहायला जागा नाही. दोन खोल्या झाल्या. तिसऱ्यात लिहिलं, बाळंतपणाला आडोसा नाही, तर प्रसूतीची खोली झाली. चौथ्यात ऑपरेशन थिएटर. ते तुम्ही कोल्ड स्टोरेजचे जुने जाड पत्रे आणून बांधलंत, आतून चकाचक, गारही राहायचं. पण पहिले काही महिने आत शिरलं की द्राक्षांचा वास यायचा. नाशिकहून येणारे भुलीचे डॉक्टर म्हणायचे, "इथे पेशंटला भूल देऊन युरोपला पाठवतात की काय?"

हे गणित माझ्या लक्षात यायला चार राजीनामे लागले, इतकी मी भाबडी. दादाला मात्र आधीच कळलं होतं. तो फोनवर विचारायचा, "तू राजीनामा देतेस की टेंडर काढतेस?" पाचवा राजीनामा मी निव्वळ एक्स-रे मशीनसाठी दिला होता, हे आज कबूल करते. तुम्हाला ते माहीत होतं. कारण त्याच वर्षी संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना तुम्ही हळूच म्हणालात, "ताई, यंदाचा राजीनामा होळीच्या आत द्या. मागाहून वाळू मिळत नाय."

सहाव्याची गोष्ट वेगळी. 

नाशिकच्या एका मंडळानं आपल्याला वीस लोखंडी खाटा दिल्या होत्या. पांढऱ्या, उंच, चाकांच्या. मी त्यांच्याकडे नव्या नवरीसारखी बघत राहिले होते. पण डोंगरातली माणसं त्यांच्यावर झोपेनात. मी राउंडला निघाले की खाटेवर गाठोडं असायचं आणि पेशंट खाटेखाली. मी ओरडायची, ते वर चढून बसायचे, मी वळले की पुन्हा खाली. बायका तर बाळंतपणाला यायच्याच नाहीत. आणि एक दिवस पलीकडच्या पाड्यातली मंजुळा गेली. पहिलटकरीण, उण्यापुऱ्या एकोणीस वर्षांची. सगळं घरीच झालं आणि रक्त थांबेना. मला बोलावणं आलं तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या दारापासून तिचं घर दिसतं, बापू. इथे वीस खाटा पांढऱ्याशुभ्र चादरी घालून रिकाम्या होत्या.

मी राजीनाम्यात लिहिलं, बायका येत नाहीत, मग मी कशाला? तुम्ही तो वाचलात आणि या वेळी 'असं होय'सुद्धा म्हणाला नाहीत. टोपी काढलीत, घातलीत आणि चांगुणेकडे गेलात. चांगुणा तेव्हा पाड्याची सुईण होती. मी तिला इतक्या वर्षांत कधी काही विचारलं नव्हतं, फक्त सांगत आले होते. नखं काप, हात धू, नाळ अशी कापू नको. तुम्ही तिला विचारलंत, बायका का येत नाहीत? तिनं सरळ सांगितलं, "येवढ्या उंचावर बाई कशी मोकळी व्हईल? भुईला पाय टेकला नाय तर जोर कुठून लावायचा? अन् सासू कुठं बसंल?"

खाटांच्या राहून गेलेल्या उद्घाटनाला मंडळाच्या लोकांना घेऊन यायला मी तीन दिवस नाशिकला गेले होते. पाच जणांना गाडीतून घेऊन आले. दारात तुम्ही हार घेऊन उभे. नारळ फुटला, फीत कापली, आम्ही आत गेलो. आत वीस खाटा जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेल्या. मला आधी वाटलं फरशी वर आली.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "या आमच्याच खाटा का?"

"तुमच्याच," तुम्ही म्हणालात. "पाय तेवढे बाजूला काढून ठेवलेत. लागले तर परत देतो." आणि खरंच कोपऱ्यातला क्रेट दाखवलात. त्यात चाकांसकट ऐंशी लोखंडी पाय, मोजून, नीट रचून ठेवलेले, जसं काही द्राक्षांचा माल परदेशी निघालाय. करवतीनं कापल्यावर कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, हेही तुम्ही त्यांना अभिमानानं दाखवलंत. त्या बाईंनी चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. चांगुणेला तुम्ही तोवर हॉस्पिटलात कामाला घेतलं होतं; एका टेबलाशी बसून तिच्यामार्फत कारभार चालायचा. "चांगुणा, बापूंना सांग, जनरेटरचं डिझेल संपलंय." "बापू, बाय म्हनते डिझेल संपलं." "बाईला म्हनावं, ऐकलं." चांगुणेला यात इतकी मजा यायची की ती निरोपात स्वतःची भर घालायला लागली. एकदा मी फक्त कापूस मागवला, तर तिनं तुम्हाला सांगितलं, बाई म्हणते कापूस आणा आणि बाईचं डोकं दुखतं, भांडण आता मिटवा.

मग पहिली बाळंतीण आली. बरोबर सासू, आई, दोन नणंदा आणि एक कोंबडी. मी म्हटलं, कोंबडी बाहेर. सासू म्हणाली, कोंबडी बाहेर तर आम्हीपण बाहेर. कोंबडी खाटेच्या पायथ्याशी बसली. बाईनं भुईला पाय रोवले, मागून सासूनं धरलं, चांगुणा माझ्या शेजारी. मुलगी झाली, आई सुखरूप. पुढच्या आठवड्यात दोघी आल्या, मग रांगच लागली. मंजुळेच्या पाड्यातून तर आज एकही बाई घरी बाळंत होत नाही.

तुम्ही बरोबर होतात, बापू. मी चुकले होते. हे वाक्य मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. उलट दर आठ-पंधरा दिवसांनी ऐकवत राहिले की वीतभर उंचीच्या खाटांवर वाकून वाकून माझी पाठ गेली. पाठ खरंच गेली. पण म्हणून दुसरं वाक्य गिळायचं कारण नव्हतं. तुम्ही त्याची वाट बघत होतात का, कोण जाणे. दिसू तर दिलं नाहीत.

सातवा राजीनामा मी कशावरून दिला होता ते आता आठवत नाही. पेशंटच्या नातेवाइकांनी व्हरांड्यात चुली मांडून धूर केला होता, त्या रागात बहुतेक. तुम्ही त्यातून धर्मशाळा बांधलीत, ओळीनं बारा चुलींची.

आणि मग हा आठवा. कारण: पाठ, आता वाकवत नाही. तो घेऊन मी पिंपळगावला तुमच्या घरी आले. बाहेर द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, रस्त्यावर टेम्पोंची गर्दी, आणि आत तुम्ही पाय सुजलेले, उशीला टेकून. मी डॉक्टर आहे, बघताक्षणी कळलं की हृदय थकलंय. तरी कागद पुढे केला. खरं सांगू? तुमचं हृदय थकलंय हे मला मान्य करायचं नव्हतं. मला वाटलं, राजीनामा वाचून हा माणूस उठून बसेल आणि काहीतरी बांधायला काढेल.

तुम्ही चष्मा मागितलात, पेन मागितलंत आणि मंजूर लिहिलंत.

"बापू, नीट वाचलंत का?"

"वाचलं. पाठीपुढं माझं काय चालत नाय, ताई. लय केलं तुम्ही. जा आता सुखानं."

"आणि हॉस्पिटल?"

"त्ये आता कुनाच्या जान्यानं पडत नाय. भिंती मी बांधल्यात."

मी तासभर भांडले. विश्वस्तांची बैठक बोलावल्याशिवाय असं मंजूर करता येत नाही म्हटलं. नियम दाखवले. तुम्ही हसायला लागलात ते खोकला येईपर्यंत, मग तुमची सून आली आणि तिनं मला गोड बोलून बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं भांडण, तेही अर्धवट. सोळा वर्षांत तुम्ही माझ्याशी एकही गोष्ट सरळ केली नव्हती, त्यामुळे हे सरळ होतं की यातही काही डाव होता, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

तुमचा फोन आला, म्हणजे तुमच्या घरून, तेव्हा मी एका बाळंतपणात होते. चांगुणा दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मी तिला हातानं थांब म्हटलं. बाळ झालं, वार पडली, टाका घातला. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. मला तुमची फार आठवण येते, बापू. फार म्हणजे फार. दिवसातून दहा वेळा कुणाशी तरी भांडायला तोंड उघडते आणि मिटते.

दहाव्याला आम्ही दोन जीप भरून आलो होतो. नदीकाठी तुमच्यासाठी पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकानं तुम्हाला आरोग्यदूत केलं, दुसऱ्यानं आधारवड, तिसऱ्यानं येत्या निवडणुकीची आठवण करून दिली. खाटांबद्दल कुणीच बोललं नाही. मग पिंड ठेवला गेला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले.

माझा या गोष्टीवर विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी एकेक वचन द्यायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पण पेठचा घाट उतरल्यापासून मी मनात एक वाक्य तयार करत होते. माझी खात्री होती, कावळा अडणार. घरचे आपापली वचनं देऊन थकणार. मग सगळे माझ्याकडे बघणार आणि मला विज्ञान बाजूला ठेवून पुढे व्हावं लागणार. वाक्यही ठरलं होतं: बापू, मी जात नाही, पाठीचं काय ते बघू. दोनदा पुटपुटून पाहिलं. घसा खाकरला.

भटजींनी पाठ वळवायच्या आत कावळा आला. शिवला, वडा उचलला आणि गेला.

"आला, आला," लोक म्हणाले. तुमच्या सुनेनं हात जोडले. कुणीतरी म्हणालं, बापूंचं मन तृप्त होतं, काही मागे ठेवलं नाही. मला असा संताप आला म्हणून सांगू! काहीच नाही? इतकी वर्षं ज्या बाईला जाऊ नको म्हणून विहिरी खणल्यात, तिच्यात एवढंही मन अडकलं नव्हतं? की मी जाणार नाही याची तुम्हाला आधीच खात्री होती? दोन्हींतलं काहीही असलं तरी माझं वाक्य माझ्याच तोंडात राहिलं.

परतताना नाशिकच्या द्वारका चौकात औषधांची खोकी घ्यायची होती. खोकी चढवली आणि जीप चौकात अडकली. पुढे ट्रक, मागे बस, सगळे भोंगे एकदम. मी पुढे बसले होते, मागे चांगुणा आणि पाड्यातल्या चार बायका. ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, "म्याडम, गंगापूर रोडला घेऊ का?"

आणि मी त्याच्यावर फुटले. "नाही! मी गंगापूर रोडला जाणार नाही! आज नाही आणि उद्याही नाही. कुणी मंजूर लिहिलं म्हणून मी जाते की काय? मी तिथेच राहणार आहे, आणि पुन्हा मला हे कुणी विचारायचं नाही!"

शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "बरं म्याडम. इथं जाम हाय, तिकडून लवकर निघू, म्हनून इचारलं."

 मग चांगुणा रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती आता पदर तोंडात कोंबून हुंदके देत होती. मी म्हटलं, "अगं, राहते म्हणाले ना? मग रडतेस कशाला?"

"बाय, आमी तुमाला निरोपाचं लुगडं घेतलंय," ती म्हणाली. "सगळ्या पाड्यांनी मिळून. आता त्याचं काय करायचं?"

हिरवं आहे, बापू, लाल काठाचं, अजून खळ न गेलेलं. आज सकाळी ते नेसून मी राउंड घेतला.